लाइन नाही तिथे वीज: सोलर आणि पवनचक्कीबद्दल तुमचे प्रश्न

मागच्या अंकात ऑफ-ग्रीडवर, म्हणजे लाइनशिवाय आपली वीज आपणच करण्यावर, दोन पानं आली आणि तेव्हापासून मेसेज चालूच आहेत. बहुतेकांनी एकच विचारलंय, किती किलोवॅटचं बसवू? मंडळी, किलोवॅट सगळ्यात शेवटी येतो. आधी दिवसाला किती युनिट लागतात ते कागदावर मांडा, मग तुमच्या गावात जुलैमध्ये ऊन कितीसं पडतं ते बघा, आणि मग दुकानात जा. या वेळी जागेत बसले तेवढे प्रश्न घेतलेत. नावं छापू नका असं बऱ्याच जणांनी लिहिलं होतं म्हणून नुसती गावं दिलीत.

प्रश्न: ताई, वेल्ह्याच्या पुढे डोंगरात आमचं जुनं घर आहे, आई-बाबा आता कायम तिथेच राहायचं म्हणतात. लाइट आणायची तर खांब टाकावे लागतील आणि तो खर्च ऐकून आम्ही गप्प बसलो. एका दुकानदाराने ३ किलोवॅटच्या प्लेटा आणि १५० एएचची एक बॅटरी असं कोटेशन दिलंय, सगळं घर चालेल म्हणाला. फ्रिज, दोन पंखे, टीव्ही, चार लाइट, मिक्सर, एवढंच आहे. घेऊ का? (पुणे)

या कोटेशनवर एक रुपयाही अॅडव्हान्स देऊ नका. एएच म्हणजे अँपिअर-अवर, बॅटरीत किती साठतं त्याचं माप. १२ व्होल्टची १५० एएच बॅटरी म्हणजे १२ गुणिले १५०, १८०० वॅट-अवर, म्हणजे १.८ युनिट, आणि ती ट्यूबुलर लेड-अॅसिड असेल तर चार-पाच वर्षं टिकावी म्हणून निम्मीच वापरायची, हातात राहिलं ०.९ युनिट. आणि तिकडे प्लेटा ३ किलोवॅटच्या, त्या उन्हाळ्यात दिवसाला १२ युनिटच्या आसपास देणार, ती वीज ठेवणार कुठे? सकाळी दहापर्यंत बॅटरी भरून मोकळी, पुढचं सगळं ऊन वाया, आणि रात्री मध्येच फ्रिज बंद. शिवाय एवढ्या प्लेटांचा करंट एकट्या बॅटरीत कोंबला तर ती उकळून मरेल, ट्यूबुलरला तिच्या एएचच्या दहाव्या हिश्शाएवढा करंट मानवतो, म्हणजे हिला १५ अँपिअर, फार तर वीस-पंचवीस.

आता तुमच्या घराचा हिशोब करू. चार एलईडी ९ वॅटचे, रोज पाच तास, झाले १८० वॅट-अवर. पंखे बीएलडीसी घ्या, साधा पंखा ७५ वॅट खातो आणि बीएलडीसी ३० च्या आसपास, दोन पंखे दहा तास चालले तर साध्यांना दीड युनिट लागतं आणि यांना ०.६, म्हणजे नुसते पंखे बदलून तुम्ही एका ट्यूबुलर बॅटरीची वापरता येणारी सगळी वीज वाचवलीत, म्हणून सोलर घेण्याआधी पंखे बदला असं मी प्रत्येकाला सांगते. टीव्ही तीन तास, १३० धरा. मोबाइल-लॅपटॉप १५०. मिक्सरचा आकडा मोठा दिसतो पण तो दहा मिनिटं चालतो, १०० धरा. फ्रिज सिंगल डोअर, १९० लिटरवाला, त्याच्या स्टारच्या स्टिकरवर वर्षाचे युनिट छापलेले असतात, त्याला ३६५ ने भागा आणि वर थोडं वाढवा कारण घरात तो सारखा उघडला जातो, आपण ७०० धरू. बेरीज १८६० वॅट-अवर. आणि इथे बहुतेक लोक थांबतात, पण इन्व्हर्टर स्वतःही वीज खातो, काही चालू नसलं तरी, मॉडेलप्रमाणे १५, २५, कधी ५० वॅट सुद्धा. २५ धरले तरी चोवीस तासांचे ६०० होतात, म्हणजे तुमच्या दोन पंख्यांएवढे! कोटेशनमध्ये हा आकडा कुणी लिहीत नाही, तो नो-लोड कन्झम्प्शन नावाने डेटाशीटमध्ये असतो, मागून घ्या. तर एकूण अडीच युनिट रोजचे, आणि बॅटरीत जाता-येता काही गळतं ते धरून प्लेटांकडून तीन युनिट यायला हवेत.

एक किलोवॅट प्लेट आपल्याकडे मार्च-एप्रिलमध्ये दिवसाला चार युनिट आरामात देते. पण तुमचं घर घाटमाथ्यावर, तिथे जुलै म्हणजे काय ते तुम्हाला माहितीये. मी तिथे किलोवॅटला दोनच युनिट धरते आणि सलग काळोखे दिवस आले तर एकाच्याही खाली जातं हे लक्षात ठेवते. तीन युनिटला दोनने भागलं की दीड किलोवॅट, काळोख्या दिवसांसाठी थोडं वर, म्हणजे ५४० वॅटच्या चार प्लेटा, २.१६ किलोवॅट. बॅटरी लिथियम आयर्न फॉस्फेट, ५१.२ व्होल्ट १०० एएच, त्यात ५.१ युनिट मावतात आणि त्यातले चार निर्धास्त वापरता येतात, म्हणजे दीड दिवसाचा साठा झाला. लेड-अॅसिडच हवी असेल तर १५० एएचच्या चार, त्यातून साडेतीनच्या आसपास मिळेल, पण पाणी घालत बसावं लागेल आणि आई-बाबांच्या वयाला ते नको असं माझं स्पष्ट मत. इन्व्हर्टर प्युअर साइन वेव्हचाच घ्या, स्क्वेअर वेव्हवर फ्रिजचा कॉम्प्रेसर गरम होतो आणि गुणगुणतो.

प्लेटा दक्षिणेकडे तोंड करून, १५ अंशांच्या आसपास कल. जास्त कल देऊ नका, जूनमध्ये दुपारचा सूर्य आपल्याकडे डोक्यावरून थोडा उत्तरेला सरकलेला असतो आणि ढगातून येणारा उजेड सगळ्या आभाळातून येतो, त्यामुळे पावसाळ्यात सपाटीकडे झुकलेली प्लेट जास्त देते. पण १० च्या खाली जाऊ नका, पाणी साचून खालच्या कडेला शेवाळ धरतं, घाटात हे हमखास होतं. आणि बाबांना एवढं सांगून ठेवा की सलग तीन दिवस आभाळ काळं राहिलं तर फ्रिज बंद करायचा, लाइट-पंखे मग आरामात चालतात. त्यासाठी दुप्पट पैसे घालून बॅटरी वाढवण्यात काही अर्थ नाही.

प्रश्न: घरावर सरकारी सबसिडीतून ३ किलोवॅट सोलर बसवलंय, बिल जवळपास शून्य आलं, पण लाइट गेली की भर दुपारी उन्हात सुद्धा घरात अंधार! काही बिघाड आहे का? (नाशिक)

बिघाड नाही. पीएम सूर्यघर योजनेत बसतं ते ऑन-ग्रीड, म्हणजे लाइनला जोडलेलं, आणि ऑन-ग्रीड इन्व्हर्टर लाइन गेली की स्वतःहून बंद होतो, तो तसाच बनवलेला असतो, कारण खांबावर वायरमन दुरुस्ती करत असताना तुमच्या गच्चीवरून तारेत वीज सोडली तर त्याचा जीव जाईल. लोडशेडिंगचा त्रास खरंच जास्त असेल तर हायब्रिड, म्हणजे लाइन आणि बॅटरी दोन्हींवर चालणारा इन्व्हर्टर आणि छोटी बॅटरी लागेल, पण आधी विचारा की तुमच्या सध्याच्या इन्व्हर्टरला बॅटरी जोडता येते का, बहुतेकांना येत नाही. महिन्यातून चार-पाच तासच लाइट जात असेल तर साधा घरगुती इन्व्हर्टर-बॅटरीचा जोड स्वस्त पडेल, तो वेगळा राहू द्या.

प्रश्न: शेतातल्या शेडवर झाडांची सावली येते म्हणून १६५ वॅटच्या दोन प्लेटा बांधाजवळ उघड्यावर लावल्या, शेडपासून २० मीटर. १२ व्होल्टची बॅटरी, साधा कंट्रोलर, २.५ एमएमची तांब्याची वायर. दिवसभर ऊन असूनही बॅटरी कधीच फुल होत नाही, दुकानदार म्हणतो बॅटरी बदला. (बार्शी)

बॅटरी बदलू नका, नवी आणली तरी असंच होणार. तुमची वायर वीज खातेय. २.५ एमएम तांब्याच्या वायरीला मीटरमागे साधारण ०.००७४ ओहम रोध असतो, जाऊन-येऊन ४० मीटर म्हणजे ०.३ ओहम. दोन्ही प्लेटा पॅरलल आहेत, म्हणजे प्लसला प्लस आणि मायनसला मायनस, मिळून १८ अँपिअर, १८ गुणिले ०.३, पाच व्होल्टच्या वर नुसते वायरीत पडले. आता बघा, प्लेट पूर्ण जोरात असते तेव्हा तिचा व्होल्टेज १८, त्यातून पाच गेले, बॅटरीपाशी पोचले पावणेतेराच्या आसपास, आणि १२ व्होल्टची बॅटरी पूर्ण भरायला १४.४ लागतात. जशी जशी बॅटरी भरत येते तसा करंट आटत जातो, दिवस मावळतो आणि ती अर्धवटच राहते. अशी रोज अर्धपोटी राहिलेली लेड-अॅसिड वर्ष-दीड वर्षात खरंच खराब होते, म्हणजे दुकानदाराचं म्हणणं उशिरा का होईना खरं ठरतं, पण दोष वायरीचा असतो.

उपाय दोन आहेत, दोन्ही मिळून करा. प्लेटा सिरीजमध्ये, एकामागे एक जोडा, म्हणजे व्होल्टेज ३६ आणि करंट निम्मा, ९ अँपिअर. त्यासाठी साधा पीडब्ल्यूएम कंट्रोलर काढून एमपीपीटी घ्यावा लागेल, कारण साधा कंट्रोलर प्लेटेचा व्होल्टेज खेचून बॅटरीच्या पातळीला आणतो आणि वरचा फुकट जातो, एमपीपीटी तो वरचा व्होल्टेज करंटमध्ये बदलून देतो. घेताना त्याचा कमाल इनपुट व्होल्टेज बघा, प्लेटेचा उघडा व्होल्टेज, म्हणजे व्हीओसी, १८ पेक्षा बराच वर असतो, दोन मिळून ४४-४५ होईल आणि डिसेंबरच्या थंड सकाळी आणखी चढेल. म्हणून निदान ७५ व्होल्टवाला. आणि वायर ६ एमएमची सोलर केबल, मग पडेल साधारण १.१ व्होल्ट, ३६ मधले, म्हणजे तीन टक्के. एवढं चालतं.

एक गोष्ट अजून, दुपारी बारा-एकला लोड चालू असताना प्रत्येक जोडाजवळ हाताची पाठ न्या, लगला, म्हणजे वायरीच्या टोकाला दाबून बसवलेल्या धातूच्या तुकड्याला, स्पर्श करायचा नाही, फक्त जवळ. जोड गरम लागला तर लग नीट दाबलेला नाही. पक्कडीने चेपलेला लग आणि क्रिंपिंग टूलने दाबलेला लग दिसायला सारखेच, पण पहिल्यात तारा आत सुट्या राहतात, हळूहळू काळ्या पडतात, इन्सुलेशन पिवळं पडून कडक होतं आणि एक दिवस जळल्याचा वास येतो. क्रिंपिंग टूल विकत नको, कुठल्याही वायरमनकडून तासाभरासाठी मागून आणा.

प्रश्न: देवगडला सड्यावर हापूसची बाग आहे, मधोमध घर. पावसात लाइट चार-चार दिवस नसते, सोलर आहे पण जून-जुलैत पुरत नाही, आणि वारा तर असा की छत्री उघडत नाही. १ किलोवॅटची छोटी पवनचक्की गच्चीवर लावावी म्हणतोय. (देवगड)

कल्पना चांगली आहे, जागा चुकीची आहे. कल्पना चांगली का, तर आपल्याकडे वारा खरा जोर धरतो तो जून ते ऑगस्टमध्ये, नेमकं तेव्हाच ऊन नसतं, म्हणजे दोघं एकमेकांचं काम उचलतात. साताऱ्याकडचं चाळकेवाडी नि वनकुसवडे, धुळ्याचं ब्राह्मणवेल, तुमच्या शेजारचं जामसंडे, सगळीकडच्या मोठ्या पवनचक्क्या उघड्या पठारावरच का आहेत ते बघा, वाऱ्याला समोर काही आडवं यायला नको. तुमचं घर मात्र बागेच्या मध्ये. आंब्याच्या शेंड्याच्या खाली आणि शेंड्याच्या थोडं वर वारा नुसता घुसळलेला असतो, कधी इकडून कधी तिकडून, त्यात पाती सारखी तोंड फिरवत राहते, वीज कमी आणि झीज जास्त. नियम असा की आजूबाजूच्या शंभर-दीडशे मीटरमध्ये जे सगळ्यात उंच झाड किंवा घर असेल त्याच्या वर किमान ९-१० मीटर पाती हवी. गच्चीवर तर नकोच, त्याचं कंपन स्लॅबमधून घरभर ऐकू येतं आणि काही महिन्यांत जोडांना भेगा.

आता १ किलोवॅट या शब्दाकडे या. ही पाती साधारण दोन मीटर व्यासाची असते आणि तिचा १ किलोवॅट हा सेकंदाला १२ मीटर वाऱ्याचा आकडा आहे, म्हणजे ताशी ४३ किलोमीटर. वाऱ्यातली ताकद वेगाच्या घनात वाढते आणि घनातच कमी होते, त्यामुळे सेकंदाला ४ मीटर वारा असेल तेव्हा हीच चक्की जेमतेम ३० वॅट देते, तीन एलईडी बल्ब! ६ मीटरला शंभरच्या आसपास, ८ ला अडीचशे. हे कुठल्या कंपनीचं कमी-जास्त नाही, दोन मीटरच्या वर्तुळातून वाराच तेवढा जातो, आणि त्यातला ५९ टक्क्यांच्या वर कुठलंही यंत्र काढू शकत नाही हे बेट्झ नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने शंभरेक वर्षांपूर्वी गणिताने दाखवलंय, छोट्या चक्क्या वाऱ्यातल्या ताकदीचा पाव हिस्सा काढतात तेही पुष्कळ. म्हणून इन्स्टाग्रामवर ती फुलासारखी, ट्यूलिपसारखी उभी गोल फिरणारी यंत्रं दाखवून घरभर वीज म्हणतात ना, त्यांना फक्त एवढंच विचारा, पाती फिरताना वाऱ्यासमोर जागा व्यापते तिचं क्षेत्रफळ किती चौरस मीटर आणि ५ मीटरच्या वाऱ्याला किती वॅट? उत्तर आलं नाही तर पुढे बोलू नका.

मग करायचं काय? आधी मोजा. सड्यावर जिथे बाग संपते तिथे पाइपावर दहा मीटर उंच एक साधा वारा-मोजक लावा, आकडे साठवणारा, आणि एक पावसाळा नि त्यामागचा हिवाळा जाऊ द्या. चेन्नईच्या राष्ट्रीय पवन ऊर्जा संस्थेचे नकाशे आहेत पण ते ५० मीटर, १०० मीटर अशा उंचीचे, आणि उघड्या जमिनीवर सुद्धा ५० मीटरवरच्या वाऱ्यात जेवढी ताकद असते त्याच्या निम्मीच दहा मीटरवर राहते, त्यामुळे नकाशातला आकडा घेऊन चक्की निवडू नका. पावसाळ्याची सरासरी ५ मीटरच्या वर आली तर चक्की परवडेल, खाली आली तर त्याच पैशात प्लेटा दुप्पट करा, ढगाळ दिवसाला जेवढ्या प्लेटा जास्त तेवढं बरं, आणि त्यांना ना ग्रीस लागतं ना बेअरिंग. माझ्याकडे येणाऱ्या दहा जणांतल्या आठ-नऊ जणांना मी हेच सांगते, पण उघड्या सड्यावाल्यांना चक्की खरंच उपयोगी पडते.

लावलीच तर तीन गोष्टींवर तडजोड नको. एक, खांब भुईवर आडवा घेता येणारा हवा, तळाला बिजागर आणि चारी बाजूंनी स्टे वायर, कातळात भोक पाडून अँकर बोल्ट. २०२० चं निसर्ग आणि २०२१ चं तौक्ते तुम्ही किनाऱ्यावर बघितलंय, वादळाचा इशारा आला की दोन माणसांनी विंचने खांब खाली घ्यायचा आणि स्वस्थ बसायचं. दुसरं, चक्की कधीही मोकळी फिरू द्यायची नाही. सोलरची वायर काढली तर प्लेट गप्प बसते, पण चक्कीची काढली तर तिच्यावर भार राहत नाही, ती वेगाने पळत सुटते आणि पाती तुटून उडते. म्हणून बॅटरी भरली की जास्तीची वीज हीटरसारख्या डंप लोडमध्ये जाळायची, आणि थांबवायचा स्विच असा हवा की तिच्या तिन्ही वायरी एकमेकींना जोडल्या जातील, त्याने तिला ब्रेक लागतो. पण हा ब्रेक वारा मंद असताना लावायचा, सुसाट सुटलेल्या चक्कीवर नाही. आणि सोलरचा कंट्रोलर चक्कीला चालत नाही, दुकानदार चालतो म्हणाला तरी.

तिसरी गोष्ट अर्थिंग, आणि कातळावर ही सगळ्यात अवघड. जांभ्यात रॉड ठोकला जातो पण तो वीज जमिनीत उतरवत नाही, कोरडा जांभा तसाच असतो. जिथे माती खोल आहे, विहिरीच्या कडेला म्हणा, पन्हाळीचं पाणी मुरतं तिथे म्हणा, तिथे खड्डा घ्या, बेंटोनाइट, म्हणजे ओल धरून ठेवणारी माती, भरा आणि तिथपासून जाड तांब्याची किंवा जीआयची पट्टी खांबापर्यंत आणा, लांब पडली तरी चालेल. खांब, प्लेटांचा सांगाडा, इन्व्हर्टरची बॉडी, सगळं या एकाच अर्थिंगला बांधा. मे महिन्यातल्या वळवाच्या विजा पावसाळ्यापेक्षा वाईट, त्याच्या आत हे व्हायला हवं, आणि सर्ज प्रोटेक्टर डीसीच्या, म्हणजे प्लेटा-बॅटरीच्या, बाजूलाही लावा. बोल्ट स्टेनलेसचे, समुद्र जवळ असेल तर ३१६ ग्रेडचे मागा, लोखंडी सांगाडा हॉट-डिप गॅल्वनाइज्ड, नुसता रंगवलेला दोन पावसाळेही काढत नाही.

प्रश्न: मी डिप्लोमाला आहे, प्रोजेक्टसाठी घरीच पवनचक्की बनवायचीय. गाडीचा जुना अल्टरनेटर वापरला तर चालेल का? (सांगली)

अल्टरनेटर नको. त्याला वीज द्यायला मिनिटाला हजाराच्या वर फेरे लागतात आणि तुझी दोन मीटरची पाती ५ मीटरच्या वाऱ्यात तीनशेच्या आसपासच फिरेल. मधे गिअर किंवा पट्टा घातलास तर मंद वाऱ्यातली सगळी ताकद घर्षणात जाईल. शिवाय अल्टरनेटर स्वतःचं चुंबक तयार करायला बॅटरीतूनच करंट खातो.

स्कॉटलंडच्या स्कोरेग नावाच्या गावात, जिथे नीट रस्ताही पोचत नाही आणि लाइनही नाही, तिथले ह्यू पिगट यांनी घरी बनवता येणारी चक्की विकसित केली आणि जगभर लोकांना शिकवली, ती बघ. त्यात लोखंडी दोन चकत्यांवर निओडायमियमची चुंबकं बसवतात, मधे तांब्याच्या तारेची वेटोळी रेझिनमध्ये ओतून केलेला स्टेटर, आणि पात्या लाकडाच्या, रंध्याने तासून. ही मंद फेऱ्यातच वीज देते. तुझ्या कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये लेथ, वेल्डिंग आणि सुतारकाम या तिन्ही गोष्टी असतील तर प्रोजेक्टच्या मुदतीत होईल. चुंबकं लावताना एकट्याने काम करू नकोस, दोन निओडायमियम चुंबकांत बोट सापडलं तर हाड मोडतं, हे मी घाबरवायला सांगत नाहीये. आणि वेटोळी घालण्याआधी तुझ्या बॅटरीचा व्होल्टेज ठरव, १२, २४ की ४८, त्यावर वेढे किती ते ठरतं, नंतर बदलता येत नाही.

प्रश्न: पाड्यावरच्या शाळेत देणगीतून सोलर बसलं. पंखे, लाइट, मुलांसाठी टीव्ही, दोन वर्षं मस्त चाललं. आता दुपारी ढग आला तरी सगळं बंद पडतं. प्लेटा स्वच्छ आहेत. बॅटऱ्यांवर पांढरं-हिरवं काहीतरी जमलंय. (धडगाव, शिक्षिका)

मॅडम, बॅटऱ्या गेल्यात असं दिसतंय, आणि मला वाटतं त्या उन्हाळ्याच्या सुट्टीत गेल्या. शाळा बंद, पंखा बंद, टीव्ही बंद, आणि मे महिन्याचं ऊन दिवसभर भरलेल्याच बॅटरीत वीज ढकलतंय. कंट्रोलरची सेटिंग जरा वर असेल तर अशा वेळी पाणी गॅस होऊन उडत राहतं, सुट्टी संपेपर्यंत आतल्या प्लेटा उघड्या पडतात, आणि उघडा पडलेला भाग परत पाणी घातलं तरी जिवंत होत नाही. हे फार शाळांत होतं. देणगीदार फोटो काढून जातात, बसवणारा कोनशिला लावून जातो, आणि पाणी कुणी घालायचं ते कुणाच्याच कागदावर नसतं. याचं मला खरंच वाईट वाटतं, कारण बिचारी मुलं टीव्ही लागायची वाट बघत बसतात.

आत्ता एवढं करा. सुती कपडे, हातमोजे, चष्मा, आणि खोलीची खिडकी उघडी, कारण भरताना निघणारा वायू पेट घेतो. टर्मिनलवरचं पांढरं-हिरवं खाण्याच्या सोड्याच्या कोमट पाण्याने धुवा, झाकणं घट्ट लावून मगच. कोरडं झालं की नट आवळा आणि व्हॅसलिन लावा, कधीकधी निम्मी तक्रार इथेच संपते. मग झाकणं उघडून पाण्याची पातळी बघा, कमी असेल तर फक्त डिस्टिल्ड वॉटर, विहिरीचं नाही, आरओचं नाही, आणि अॅसिड तर कधीच नाही. दोन दिवस पूर्ण उन्हात लोड न लावता चार्ज होऊ द्या आणि हायड्रोमीटरने, म्हणजे आतल्या अॅसिडची घनता मोजणाऱ्या नळीने, एकेक कप्पा मोजा, १.२४० च्या आसपास आला तर तो ठणठणीत, १.१५०-१.१६० वरच अडकलेला कप्पा गेला. एका बॅटरीतला एक कप्पा मेला तरी ती सगळ्या रांगेला खाली ओढते, तेव्हा तीच एक बॅटरी बाजूला काढायची. पण जुन्या तीनमध्ये एक नवी घालू नका, नवीही लवकर जाते.

नव्या घ्यायची वेळ आलीच तर शाळेसाठी लिथियम आयर्न फॉस्फेटच मागा, कंट्रोलरची सेटिंग बदलून घ्या, आणि देणगीदाराला सांगा की पुढची देणगी वस्तू नको, देखभालीचा खर्च द्या. तोपर्यंत सुट्टी लागायच्या आदल्या दिवशी पाणी भरायचं आणि प्लेटांचा डीसी एमसीबी, म्हणजे त्यांची वीज तोडायचा स्विच, खाली पाडायचा. पूर्ण भरलेली चांगली बॅटरी दीड महिना नुसती पडून राहिली तर काही होत नाही, जूनमध्ये आल्यावर लगेच चार्ज करा म्हणजे झालं. हे ज्याने करायचं त्याचं नाव हजेरीपटाशेजारी भिंतीवर लिहा.

प्रश्न: वायरमन म्हणतो डीसी एमसीबी महाग आहे, घरात लागतो तोच एमसीबी प्लेटांना लावू. चालेल ना? (औसा)

नाही चालणार, अजिबात. घरातली एसी वीज सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येते त्यामुळे एमसीबी उघडताना उडालेली ठिणगी आपोआप विझते. प्लेटांची डीसी शून्यावर येतच नाही, ठिणगी तशीच लांबत जाते, एमसीबी पाडल्यावरही आत जळत राहते आणि डबा पेटतो. चार प्लेटा सिरीजमध्ये असल्या तर उन्हात दोनशे व्होल्टच्या आसपास असतात, आणि ऊन बंद करायचं बटण कुणाकडे नाही. डीसी एमसीबी घ्या, त्यावर प्लस-मायनसच्या खुणा असतात त्या बघूनच जोडा, आणि प्लेटांचे एमसी-फोर कनेक्टर लोड चालू असताना कधीही ओढून काढू नका.

प्रश्न: वानरं प्लेटांवर उड्या मारतात. वर जाळी लावू का? (पोलादपूर)

जाळीची सावली पडते आणि सावली प्लेटेला उन्हाच्या कमतरतेपेक्षा जास्त नडते, एका कोपऱ्यावर सावली आली तरी प्लेटेचा तिसरा हिस्सा बंद पडू शकतो. काच टफन्ड असते, वानर बसल्याने फुटत नाही, उंच फांदीवरून धपकन आलं किंवा वरून दगड पडला तर फुटते. म्हणून प्लेटांवर आलेल्या फांद्या छाटा. पण जास्त नुकसान काचेचं होत नाही, वायरींचं होतं, खाली लोंबणारी वायर दिसली की ती ओढतात. सगळ्या वायरी सांगाड्याला स्टीलच्या क्लिपने बांधून पाइपात घाला, प्लॅस्टिकचे टाय उन्हाने वर्षात तुटतात.

प्रश्न: सगळे पैसे एकदम नाहीत. टप्प्याटप्प्याने करायचं तर सुरुवात कशापासून? (शहादा)

इन्व्हर्टर, मुख्य केबल, अर्थिंग आणि सांगाडा पहिल्या दिवशीच पूर्ण मापाचे घ्या, ४८ व्होल्टचे, कारण हे नंतर बदलायचं म्हणजे सगळं उपसायचं. प्लेटा पहिल्या वर्षी दोन, पुढच्या वर्षी आणखी दोन लावल्या तरी चालतं, फक्त त्याच व्होल्टेजच्या आणि त्याच वॅटच्या, आणि दोन प्लेटांवर तो इन्व्हर्टर चालू होतो ना, म्हणजे त्याचा किमान इनपुट व्होल्टेज किती, ते डेटाशीटमध्ये बघून घ्या. लेड-अॅसिड असेल तर बॅटऱ्या मात्र एकदमच, निम्म्या आत्ता निम्म्या दोन वर्षांनी असं नाही. लिथियममध्ये त्याच कंपनीचा तोच मॉड्यूल नंतर पॅरलल जोडता येतो, पण किती जोडता येतात आणि किती वर्षांपर्यंत ते बिलावर लिहून घ्या.